आण्णांचं भूतकाळी रूप

“न्यायाची भाषा एकच असते, आणि आकाशात सूर्यचंद्र आहेत तोवर या देशात ती इंग्रजीच राहणार आहे,” असं न्यायाधीश मिरीकर साहेबांनी भर कोर्टात जाहीर केलं आणि मग शेजारी बसलेल्या टंकलेखकाकडे वाकून हळूच विचारलं, “भागवत, संडासाच्या बोळाला काय म्हणू या?”

भागवतांनी यंत्रावरची बोटं न उचलता सांगितलं, “मागच्या बोळाच्या केसला आपण लॅट्रिन पॅसेज घातलं होतं, साहेब.”

“मग तेच घाला.”

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात माझा अशील उभा होता. होय, मी तेव्हा वकील होतो. फार दिवस टिकलो नाही. विनोदी लिहायला कुठे शिकलात असं पुढे लोक विचारू लागले तेव्हा मी खरं तेच सांगत आलो, की दिवाणी न्यायालय, कनिष्ठ स्तर, वाघोटी. लोकांना तोही विनोद वाटतो.

माझ्या अशिलाचं नाव रत्नाकर धोंडीराम तांबट. वाघोटीच्या पेठेत तांबटांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकान वाढवलं ते धोंडीराम तांबटांनी, म्हणजे आण्णांनी. आण्णा वारले तेव्हा त्यांची एक मोठी रंगीत तसबीर करून गादीच्या मागे लावली होती. फेटा, मिशा, आणि डोळे. त्या डोळ्यांबद्दल पेठेत असं बोलत, की दुकानात कुठेही उभं राहा, आण्णा तुमच्याकडेच बघतात, आणि तुम्ही पातेलं घेणार की नुसतं वाजवून खाली ठेवणार हे त्यांना तुमच्या आधी कळलेलं असतं.

मग दोघा भावांची वाटणी झाली. थोरले भालचंद्र, त्यांना दुकान ‘आतील सर्व चीजवस्तूंसह’ मिळालं. धाकट्या रत्नाकरला मागच्या दोन खोल्या आणि परसातली जागा मिळाली. तो तिथे स्टो आणि बंब दुरुस्त करायचा. पुढची बाजू आणि मागची बाजू यांच्यामध्ये एक अंधारा बोळ, बोळाच्या टोकाला दोन्ही घरांत मिळून एक संडास. वाटणी झाल्यापासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. भांडत मात्र रोज होते. भांडण म्हणजे बोलणं नव्हे यावर दोघांचं एकमत होतं, आणि माझ्या माहितीप्रमाणे तेवढं एकच.

असं चाललेलं असताना भालचंद्रांनी एके दिवशी आण्णांची तसबीर गादीमागून काढली आणि बोळात नेऊन, संडासाच्या दाराला लागून असलेल्या भिंतीवर लावली.

रत्नाकर माझ्याकडे आला तो संतापूनच. “रोज सकाळी टमरेल घेऊन जायचं आणि बापाला तोंड दाखवायचं,” तो म्हणाला. “वकीलसाहेब, मला दुकान नको, भांडी नकोत. आण्णा पाहिजेत. माझ्या घरात आणून मी त्यांना मानानं ठेवीन. एवढं एकच मागणं आहे.” ते एकच मागणं त्याने मला तासभर सांगितलं.

गावातल्या बाकीच्या वकिलांनी त्याला परत पाठवलं होतं. वाटणीपत्रात चीजवस्तू होत्या, तसबीर ही चीजवस्तू असते, आणि ती थोरल्याची झाली, हे त्यांना माहीत होतं. मला ते अजून माहीत नव्हतं, म्हणून दावा माझ्याकडे आला.

तर त्या दिवशी रत्नाकरची साक्ष चालली होती. तेव्हाची रीत अशी, की साक्षीदाराने मराठीत बोलायचं, न्यायाधीशांनी ते ऐकून घ्यायचं, मनात इंग्रजी करायचं आणि टंकलेखकाला सांगायचं. कागदावर जे उतरेल ती साक्ष. साक्षीदाराला ती वाचता येत नसे, पण त्याने सही मात्र मनापासून करावी अशी अपेक्षा होती.

“सांगा,” मिरीकर साहेब म्हणाले. “मग तुमच्या भावाने काय केलं?”

“काय करतोय. आण्णांना संडासाच्या बोळात टांगलं.”

साहेबांनी डोळे मिटले. इंग्रजी करताना ते नेहमी डोळे मिटत. कॉलेजात इंग्रजी भाषणाचं ढालीएवढं बक्षीस त्यांनी मिळवलं होतं, आणि त्यानंतर त्या इंग्रजीला वाव मिळाला तो एवढाच, वाघोटीचे बांध, बोळ आणि बैल. डोळे मिटूनच ते सावकाश, एकेक शब्द नाण्यासारखा वाजवत बोलले: “माय एल्डर ब्रदर... हँग्ड अवर फादर... इन द लॅट्रिन पॅसेज.”

भागवतांनी ते बडवलं. भालचंद्रांचे वकील हुद्दार त्या वेळी बाहेर पान लावून घ्यायला गेले होते. ते तोंड भरून आत आले तोवर कागद फिरून वर गेला होता. हुद्दारांना पानामुळे बोलता येईना, म्हणून त्यांनी हातानेच पुढची तारीख मागितली.

बाहेर व्हरांड्यात रत्नाकरने मला गाठलं. “साहेब जरा जोरात बोलले तो शब्द कुठला?”

“हँग्ड.”

“म्हणजे?”

“म्हणजे टांगलं. पण माणसाला म्हटलं की फाशी दिलं असा होतो अर्थ.”

मग मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. ते काही चांगलं हसू नव्हतं. “याची नक्कल मिळती का?” त्याने विचारलं. “शिक्क्याची?”

नक्कल मिळाली. शिक्क्याचीच मिळाली. पुढच्या तारखेपर्यंत ती अर्ध्या वाघोटीने पाहिली. रत्नाकर ती पोस्टात दाखवायचा, सोसायटीच्या रांगेत दाखवायचा, सलूनमध्ये गालाला साबण लावलेल्या माणसांना वाचून दाखवायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण ते एवढं एक वाक्य त्याने साहेबांच्या चालीत पाठ केलं होतं. “माझं म्हणणं न्हाई हे,” तो शेवटी म्हणायचा. “सरकारचं आहे.”

आता वाघोटीतल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं की आण्णा अंथरुणावर, खोकल्याने, सर्वांच्या देखत गेले. पण शिक्का म्हटल्यावर माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंही पुन्हा तपासून घेतो. हवालदार दुकानात आले, चहा प्यायले, आणि छताच्या तुळया किती मजबूत आहेत याची उगीच चौकशी करून गेले. लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या बायका दुकानाच्या पायरीवरून वळून समोरच्या दुकानात जायला लागल्या. मुलीच्या लग्नात बाप लटकवणाऱ्याकडचा हंडा नको, असं त्या म्हणत. भालचंद्रांनी बोळातून ओरडून भावाची सात पिढ्यांची उतरंड काढली. त्या पिढ्या त्यांच्याही होत्या, हे रत्नाकरने बोळाच्या दुसऱ्या टोकाने ओरडून लक्षात आणून दिलं.

तारखेच्या सकाळी दोघे कोर्टाच्या व्हरांड्यात समोरासमोर आले. भालचंद्र ठेंगणे, जाड, मान सतत थोडी आखडलेली, मागून कुणी हाक मारेल की काय अशी. रत्नाकर हाडकुळा.

“रत्न्या, कागद फाडून टाक तो.”

“का? सरकारी आहे.”

“माझी पोर लग्नाची आहे.”

“मग बापाला संडासात नेताना पोर लहान होती का?”

“तुझ्या थोबाडाकडे बघायची वेळ नको म्हणून तुला मागं टाकला, आणि तू कोर्टात येऊन उभा राहिलास.”

“मला मागं टाकून भागलं न्हाई, म्हणून तू बापालाही टाकलास.”

यावर भालचंद्र अंगावर धावले असते, पण हुद्दार मध्ये आले. हुद्दार वयाने, पोटाने आणि वकिलीने आम्हा सगळ्यांच्या एकत्र बेरजेएवढे होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “देवकुळे,” ते म्हणाले, “तुमच्या वयाचे माझ्याकडे बूट आहेत.”

“म्हणूनच करकरतात,” मी म्हणालो. वकिलीत मी केलेलं हे बहुधा सर्वांत चांगलं भाषण.

कोर्ट भरलं. एरवी दिवाणी कोर्टात झोपायला येणारे लोकसुद्धा त्या दिवशी जागे होते. हुद्दारांनी अर्ज दिला: साक्षीतली चूक दुरुस्त व्हावी.

“चूक?” मिरीकर साहेबांनी चष्मा काढला. “कुणाची?”

“टंकलेखकाची, युवर ऑनर.”

भागवतांनी यंत्रावरची बोटं उचलली. त्यांच्या नोकरीत हे बहुधा प्रथमच घडलं असावं. “सांगितलं तेच बडवलंय, साहेब,” ते म्हणाले आणि बोटं परत ठेवली.

“शब्द माझा आहे,” साहेब म्हणाले.

पण हुद्दार मागे हटणाऱ्यांतले नव्हते. “मग आदरपूर्वक सांगतो, युवर ऑनर, तो ‘हंग’ हवा. ‘हँग्ड’ म्हणजे फाशी. माझ्या अशिलावर बापाच्या खुनाचा आरोप ठेवून आपण मोकळे झालो आहोत.”

“हुद्दार, वॉकचं काय होतं?”

“वॉक्ड, युवर ऑनर.”

“टॉकचं?”

“टॉक्ड.”

“मग हँगनेच काय घोडं मारलंय? हँग्ड. हे सरळ, खानदानी रूप झालं. हंग हे फलाटावरचं इंग्रजी. गेलेल्या वडीलधाऱ्या माणसाला मी या आसनावरून हंग म्हणणार नाही.”

हुद्दारांनी पिशवीतून एक जाडजूड व्याकरणाचं पुस्तक काढलं. “इथे स्पष्ट दिलं आहे, युवर ऑनर.”

“लेखक कोण?”

“एक इंग्रज गृहस्थ आहेत.”

“हयात आहेत?”

“पुस्तकाच्या कागदावरून नसावेत.”

“मग देवकुळ्यांनी त्यांची उलटतपासणी कशी घ्यायची? देवकुळे, तुमची हरकत आहे?”

मी उठून सांगितलं की त्या गृहस्थांना उलट प्रश्न विचारण्याचा माझा हक्क मी राखून ठेवतो. साहेबांना ते आवडलं. तरी त्यांना मनातून पुस्तक पाहायचं होतं, हे दिसत होतं. माणसाने आयुष्यभर एखादा शब्द छातीठोकपणे वापरलेला असला की त्याच्या खात्रीला एक लहानशी खाज असते. “बरं,” ते म्हणाले, “पुरावा म्हणून नको, नुसतं करमणूक म्हणून वाचा.”

हुद्दारांनी वाचलं आणि मराठीत फोड करून सांगितलं. या क्रियापदाला दोन भूतकाळ आहेत. माणसाला फासावर दिलं तर हँग्ड. कोट, पडदा, तसबीर अशी वस्तू लटकवली तर हंग.

साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. दोन्ही रूपं खरी आहेत, म्हणजे आपलं खोटं नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं. “म्हणजे प्रश्न व्याकरणाचा नाहीच,” ते म्हणाले. “प्रश्न असा आहे की आण्णा माणूस की वस्तू.”

मला संधी दिसली. मी उठलो. “युवर ऑनर, माझा अशील म्हणाला, आण्णांना टांगलं. तसबिरीला टांगलं असं तो म्हणालेला नाही. आपल्यात कुणी तसबिरीला तसबीर म्हणत नाही. हार घालताना आपण म्हणतो, आण्णांना हार घाला. भिंतीला चुना द्यायचा तर म्हणतो, आण्णांना जरा खाली घ्या. माझे विद्वान मित्र कै. धोंडीराम तांबटांना वस्तू म्हणायला तयार आहेत का?”

“आनंदाने,” हुद्दार म्हणाले.

तेव्हा मला कळलं की संधी मला दिसली नव्हती, त्यांनी दाखवली होती.

“चार पट्ट्या, एक काच, एक पुठ्ठा,” हुद्दार बोटांवर मोजत म्हणाले. “ही वस्तू आहे. वस्तू आहे म्हणून हंग. आणि वस्तू आहे म्हणूनच ती दुकानातली चीजवस्तू. चीजवस्तू आहे म्हणून वाटणीपत्राप्रमाणे माझ्या अशिलाची. देवकुळे, तुम्ही आज दाव्याला माझ्या दारात आणून सोडलंत, आभारी आहे. वस्तू ज्याची, त्याने ती गादीमागे लावावी, संडासात लावावी, नाहीतर चुलीत घालावी. कोर्टाला त्याच्याशी कर्तव्य नाही.”

मिरीकर साहेब मान डोलवू लागले. मी खाली बसलो. रत्नाकर मागून माझ्या कानाशी आला. “गेले का आण्णा?”

“निघालेत,” मी म्हणालो.

त्याचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. “मिळाले न्हाईत तर मी पेठेत तोंड कसं दाखवू, साहेब? त्या दादाला कळू दे की न्हाई, की आण्णा माझेपण होते.”

तेवढ्यात कोर्टाच्या मागच्या बाजूने आवाज आला. “हुद्दारसाहेब. चुलीत म्हणालात?”

भालचंद्र उभे राहिले होते.

“उदाहरण दिलं,” हुद्दार न वळता म्हणाले. “बसा.”

“आण्णांना चुलीत घालायचं उदाहरण?”

“बसा, तांबट. आपण जिंकतोय.”

“आण्णांना वस्तू म्हणायचं नाही.” भालचंद्र पुढे येत होते. चेहरा तापलेल्या पितळेसारखा झाला होता. “भांडं ही वस्तू. बादली ही वस्तू. मी वस्तू विकतो, मला ठाऊक आहे वस्तू म्हणजे काय. आण्णा वस्तू नाहीत.”

मिरीकर साहेब पुढे झुकले. “तुम्हाला साक्ष द्यायची आहे?”

“नाही,” हुद्दार म्हणाले.

“होय,” भालचंद्र म्हणाले आणि पिंजऱ्यात जाऊन शपथ घेऊन उभे राहिले. हुद्दारांनी डोक्याला हात लावला. इतकी वर्षं वकिली करून त्यांनी साक्षीदार पढवले होते, फिरवले होते, पळवले होते, पण जिंकायला नकार देणारा अशील त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा.

साहेबांनी विचारलं, “ती तसबीर म्हणजे चीजवस्तू नाही, असं तुमचं म्हणणं?”

“ते आण्णा आहेत.”

“मग आण्णांना संडासाच्या बोळात कुणी टांगलं?”

“मी.”

“का?”

भालचंद्रांनी रत्नाकरकडे पाहिलं. इतक्या द्वेषाने पाहिलेलं मी फार थोड्या वेळा बघितलंय. त्याच्यासमोर सांगायची लाज होती ती सगळी त्या बघण्यात होती. “गादीवर बसलो की ते मागनं बघतात,” ते म्हणाले. “गिऱ्हाइकाला भाव सांगितला की मानेवर कळतं, चुकला. कमी केला तरी कळतं, चुकला. हयात होते तेव्हा निदान दुपारी झोपायचे. आता झोपत नाहीत. माझी मान बघा, वळत नाही. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही.”

कोर्टात कुणीतरी हसलं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिल्यावर ते थांबलं.

“मग बोळातच का? माळ्यावर का नाही?”

“माळ्यावर कसं टाकणार, साहेब? बाप आहे. आणि बोळात... तिकडं मला सगळ्यांत कमी वेळ बसायला लागतं.”

“बापाला भितोस होय रे, दादा?” रत्नाकर मोठ्याने म्हणाला. त्याच्या आवाजात खूप दिवसांनी काहीतरी गोड खायला मिळाल्यासारखं झालं होतं. “एवढा पोट सुटलेला गडी, आणि काचेला भितोस?”

“तू नाही भीत?” भालचंद्र म्हणाले.

रत्नाकरने तोंड फिरवलं. मला वाटलं, तिरस्कारामुळे.

“शांतता,” मिरीकर साहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. “भागवत, घ्या. आय...” ते थांबले. “आय हँग्ड माय फादर...” त्यांनी डोळे उघडले.

कोर्टातल्या सगळ्यांच्या लक्षात एकाच वेळी आलं. प्रतिवादीने शपथेवर, स्वखुशीने, दिवाणी न्यायालयात, बापाला फाशी दिल्याची कबुली दिली होती. दाराशी उभे असलेले हवालदार सरळ झाले. हुद्दारांनी उठून विचारलं, आता माझ्या अशिलाला इथूनच आत नेणार का? त्यापेक्षा हंग घाला. मी म्हणालो, हंग घातलं तर आण्णा वस्तू होतील, आणि खुद्द प्रतिवादी त्याला तयार नाही. हुद्दार म्हणाले, देवकुळे, गप्प बसा. मी म्हणालो, युवर ऑनर, मला गप्प बसवलं जात आहे. भालचंद्र म्हणाले, काय लिहायचं ते लिहा, वस्तू लिहू नका. रत्नाकर म्हणाला, फाशीच लिहा.

मिरीकर साहेबांनी चष्मा पुसला. ढालीएवढं बक्षीस मिळवलेल्या माणसाची ती खरी परीक्षा होती. बराच वेळ पुसून झाल्यावर त्यांनी तो घातला आणि कधी नव्हे इतक्या निश्चयाने, डोळे उघडे ठेवून सांगितलं, “हंग्ड.”

“काय?” हुद्दार म्हणाले.

“हंग्ड. हंगला ड. माणूस म्हणून ड, आणि जीव गेला नाही म्हणून हंग. आय हंग्ड माय फादर. भागवत, बडवा.”

“असा शब्द नाही, युवर ऑनर.”

“आता आहे. तुमच्या त्या गृहस्थांना कळवा.”

त्यानंतर साहेबांनी तिथल्या तिथे निकाल सांगितला. कै. धोंडीराम हे चीजवस्तू नाहीत, हे प्रतिवादीने स्वतः शपथेवर मान्य केलं आहे. सबब ते वाटणीत येत नाहीत. त्यांना बोळात मानहानीकारक रीतीने हंग्ड केलेलं आहे. तरी प्रतिवादीने त्यांना आजच्या आज अनहंग्ड करून वादीच्या हवाली करावं. साक्षीतला आधीचा शब्दही साहेबांनी स्वतःच्या हाताने खोडला आणि वर नवा लिहिला, म्हणजे भालचंद्रांची पोर आणि पेठेतले हंडे दोन्ही सुटले. हुद्दार पुस्तक पिशवीत कोंबत माझ्याजवळून गेले. “तुमचा कोट उसवलाय,” एवढंच म्हणाले. उसवला होता.

मी दावा जिंकलो होतो. पहिला दावा. मला कुणी काही म्हणेना, म्हणून मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. रत्नाकर पायरीवर बसला होता. आनंदाने वेडा होईल असं वाटलं होतं, पण तो चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसला होता. “आजच आणतोय का दादा?” त्याने विचारलं. “उद्या आणला तरी चालला असता.”

कोर्ट सुटायच्या आत भालचंद्र स्वतःच आले. दुकानच्या गड्याकडे द्यायला ते तयार झाले नसावेत. तसबीर जुन्या धोतरात गुंडाळून त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, पेठेतून चालत आणली होती, आणि घामाने भिजले होते. त्यांनी ती भावापुढे पायरीवर उभी केली. धोतर सोडून घेतलं. ते वाटणीत त्यांचं होतं.

आण्णा आमच्याकडे बघत होते. फेटा, मिशा, आणि डोळे. मी आपोआप कोटाचं बटण लावलं.

“घे,” भालचंद्र म्हणाले. “तुझा बाप.”

“आणि तुझा कोण?”

“माझा सुटला.”

“जा, संडासात जाऊन बस आता निवांत.”

“बसतो. तू बस आता यांच्यापुढं जेवायला.”

भालचंद्र वळले. दहा-बारा पावलं गेल्यावर बाजूच्या रस्त्याने एक टांगा आला, आणि त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. सहज, कुणीही बघतं तसं. मग ते पेठेच्या गर्दीत दिसेनासे झाले. त्यानंतर दोघे भाऊ भांडल्याचं मी ऐकलं नाही. बोलल्याचंही ऐकलं नाही.

मी रत्नाकरला म्हणालो, “चला, मिळाले एकदाचे. आता मानाने न्या घरी. कुठली भिंत ठरवलीय?”

त्याने तसबीर उचलली नव्हती, तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. तो तिच्याकडे पाठ होईल असा हळूहळू सरकत पायरीच्या टोकाला गेला होता, आणि बघता बघता खांबाच्या आडोशाला झाला.

“दोनच खोल्या आहेत, साहेब,” तो म्हणाला. “एकीत चूल. दुसरीत आम्ही निजतो.”

“मग चुलीच्या खोलीत लावा.”

“तिथं जेवतो.” तो थांबला. “लहानपणी समोर बसायचे जेवताना. बोलायचे न्हाईत काय. घास उचलला की बघायचे. दादाचा घास त्या वेळी पण उतरायचा न्हाई. माझा दादापेक्षा कमी उतरायचा.”

“अहो, पण तुम्हीच तर मागत होता.”

“त्याच्याकडे ठेवायचे न्हवते.”

कोर्टाचा शिपाई व्हरांड्याचे दरवाजे ओढून घेऊ लागला. आण्णा पायरीवर उभे होते. जाणारे-येणारे त्यांना वळसा घालून जात होते आणि जाताना नकळत पदर, टोपी सारखी करत होते. मी बॅग उचलली. रत्नाकर खांबाआडून घाईने पुढे आला आणि माझ्या बाहीला धरलं.

“वकीलसाहेब, एक सांगू का? तुमच्या हापिसात खुर्चीच्या मागची भिंत मोकळी आहे. आठ दिवस ठेवून घेता का आण्णांना? तोंड भिंतीकडं करून लावलंत तरी चालंल.”